आईचं लिव्हिंग विल करायचं आहे. गोव्यात कुणी केलंय का?

तळीकाठ | १६ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहितेच.

बाबा गेल्या वर्षी आषाढात गेले. वय ८१, आठ वर्षांचा पार्किन्सन्स, त्यात निमोनिया. २३ दिवस आयसीयूत होते, त्यातले १९ व्हेंटिलेटरवर. नळी ओढतात म्हणून दोन्ही हात पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले. भेटीची वेळ संध्याकाळी दहा मिनिटं. दहाव्या दिवशी थोडी शुद्ध आली तेव्हा उजव्या हाताची बोटं लिहिल्यासारखी हलवू लागले. बाबा ३४ वर्षं मराठी शाळेत मास्तर होते. पेन हवंय हे आम्हाला लगेच कळलं. सिस्टरने पट्टी सोडली, मी औषधाच्या बिलाची कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक शब्द लिहिला. तो आजवर आम्हाला वाचता आलेला नाही. भाऊ म्हणतो 'घरी'. आई म्हणते 'पेज'. मला ते 'पुरे' वाटतं. कागद माझ्या कपाटात आहे.

पुढे गळ्याला भोक पाडून नळी घालू का, डायलिसिस करू का, असं एकेक विचारत गेले आणि आम्ही दर वेळी हो म्हणत गेलो. नाही म्हणायला तोंड उघडेना. बाबांशी या विषयावर आम्ही आयुष्यात एकदाही बोललो नव्हतो.

आई आता ७८ वर्षांची आहे. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सोप्यावर बसून आठळ्या सोलत होती. मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्यांचा लाल रंग बोटांना लागलेला. मान वर न करता म्हणाली, "म्हाका तशें करूं नाकात." एवढंच.

मला ते कायद्याने करून ठेवायचं आहे. लिव्हिंग विल म्हणतात ते, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आईने आधीच लिहून ठेवायचं. कागद कसा करतात, कुठे देतात, डॉक्टर मानतात का? भाऊ मस्कतला असतो. फोनवर म्हणाला, असले अभद्र कागद आमच्या घरात नकोत. त्यालाही कसं सांगू ते सुचवा.

सोलकढी | १६ जुलै, रात्री १०.०५

वाचून डोळे भरले गं. तुमच्या बाबांना नमस्कार.

आमची आजी ८८ची. गेल्या महिन्यात मी हाच विषय काढला तर म्हणाली, "ती मशीन नको मला. पण पंखा मात्र बंद करू नका हां." जूनमध्ये वीज जाऊन जाऊन वैतागली होती. पण हसता हसता बोलून झालं आमच्याकडे. कागद राहिलाय, म्हणून धागा वाचतेय.

कोर्टाची पायरी | १६ जुलै, रात्री ११.२०

पणजीत वकिली करतो. मला माहीत आहे ते सविस्तर लिहितो, कारण या विषयावर फार घोळ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश, म्हणजेच लिव्हिंग विल, लिहून ठेवायला मान्यता दिली. त्याआधी २०११ साली अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात न्यायालयाने उपचार थांबवण्याची मर्यादित वाट उघडली होती, पण दरवेळी उच्च न्यायालयात जावं लागणार होतं. २०१८च्या निकालातही अट अशी होती की कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. म्हातारी माणसं कोर्टात जाऊन उभी राहणार कशी? कागद होईनातच. म्हणून २४ जानेवारी २०२३ला न्यायालयाने स्वतःच रीत सोपी केली.

आता काय लागतं? माणूस सज्ञान आणि शुद्धीत असावा, स्वतःच्या मर्जीने लिहीत असावा. दोन साक्षीदार, शक्यतो त्रयस्थ. साक्षांकन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने संमती द्यायची किंवा नाकारायची कुणी, त्या माणसाचं किंवा माणसांचं नाव त्यात हवं. एक प्रत त्या माणसाला, एक घरच्या डॉक्टरांना, आणि एक पंचायत किंवा नगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे. तिथे ती सांभाळायला एक अभिरक्षक नेमायचा असतो. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं, कधीही, कितीही वेळा.

गोव्याबद्दल अभिमानाने सांगतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ साली स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, राज्यातलं पहिलं. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. न्यायमूर्तीने केलेला कागद अभद्र कसा असेल?

माडापोफळी | १७ जुलै, सकाळी ७.१५

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका.

आम्ही सत्तरी तालुक्यातले. २०१५पासून आमच्या भागात माकडताप आहे. माझ्या बाबांना झाला तेव्हा वय ६६. बेशुद्ध, नाकातोंडातून रक्त, ११ दिवस व्हेंटिलेटर. नातेवाईक म्हणाले, आता सोडा, हाल करू नका. आई हटून बसली. आज बाबा रोज सकाळी कुळागरात पाणी सोडतात, पोफळीची झावळं ओढून आणतात. तेव्हा हा कागद घरात असता तर? कुणीतरी तो डॉक्टरांपुढे नाचवला असता आणि माझा बाप गेला असता.

मशीनला शिव्या घालू नका एवढंच म्हणणं आहे.

सोलकढी | १७ जुलै, सकाळी ७.५०

माडापोफळी, तुमच्या आईला साष्टांग.

रात्रपाळी | १७ जुलै, दुपारी २.३०

मी आयसीयूत काम करते. माडापोफळी, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण सगळ्यांच्या मनातली भीती तीच असते.

तुमच्या वडिलांच्या वेळी हा कागद असता तरी लागू झाला नसता. आजार बरा होणारा होता. व्हेंटिलेटर हा अशा वेळी पूल असतो, पलीकडचा काठ दिसत असतो. लिव्हिंग विल लागू होतं ते माणूस स्वतः निर्णय देण्याच्या स्थितीत नसेल आणि आजारातून उठण्याची आशा नसेल तेव्हाच. ते ठरवणारा मी एकटी डॉक्टर नसते. रुग्णालयात पहिलं मंडळ बसतं, उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. कागदात नाव असलेल्या माणसाची संमती लागते, आणि उपचार थांबवण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कुणी कागद नाचवून काही होत नाही.

आता दुसरी बाजू, तीही मी रोज बघते. ८५ वर्षांचे गृहस्थ, कॅन्सर हाडांपर्यंत गेलेला, हृदय बंद पडतं. कुणी काही सांगून ठेवलेलं नसतं म्हणून आम्ही छातीवर दाब देतो. तो नीट द्यायचा तर छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. म्हाताऱ्या बरगड्या मोडतात, हाताखाली कळतं ते. सिनेमात बघून लोकांना वाटतं की दाब दिला की माणूस खोकत उठून बसतो. अशा आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले जवळपास कुणी उठत नाहीत. बाहेर मुलगा उभा असतो, त्याला आम्ही 'सगळे प्रयत्न केले' सांगतो. ते खरं असतं, आणि घरी जाऊन मला जेवण जात नाही.

तळीकाठ, आईच्या कागदात नुसती यंत्रांची यादी करू नका. 'व्हेंटिलेटर नको' एवढं लिहिलं तर निमोनियासाठी चार दिवस लावून बघायचा का, हा प्रश्न उरतोच. आईला विचारा, कशाला ती जगणं म्हणते. माणसं ओळखणं? स्वतःच्या हाताने खाणं? अंगणापर्यंत जाणं? ते तिच्या शब्दांत लिहा. आणि मुदतीचा प्रयत्न हा पर्याय ठेवा. म्हणजे असं की पाच-सात दिवस सगळं करून बघा, सुधारणा नसेल तर थांबा. पुष्कळ कुटुंबांना यात श्वास घ्यायला जागा मिळते.

माडापोफळी | १७ जुलै, दुपारी ४.१०

डॉक्टर, मुदतीची गोष्ट पटली. मंडळं दोन असतात हे माहीत नव्हतं. आता धागा पुढे वाचतो.

म्हापशेकर १९६१ | १७ जुलै, संध्याकाळी ६.४५

मला वेगळीच काळजी आहे. आपल्या गोव्यात घर आणि भाट, म्हणजे बागायत, म्हटलं की सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. मुलं बाहेरगावी, आई-बाप जुन्या घरात एकटे, आणि त्या घरावर बिल्डरचा डोळा. अशा ठिकाणी हा कागद मुलांच्या हाती देणं म्हणजे काय ते समजा. माझ्या ओळखीत एका काकूंकडून बँकेची कामं म्हणून चार कागदांवर सह्या घेतल्या गेल्या. त्यात काय होतं ते त्यांना सहा महिन्यांनी कळलं.

शिवाय विल म्हटलं की आपल्याकडे इस्टेट आलीच. दोन्ही एकाच कागदात करतात का?

कोर्टाची पायरी | १७ जुलै, रात्री ९.३०

म्हापशेकर, प्रश्न अगदी योग्य. आधी दुसऱ्याचं उत्तर.

नावात विल असलं तरी इस्टेटीचा याच्याशी काही संबंध नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं, हा कागद माणूस असतानाच बोलतो. दोन्ही कधीही एकत्र करू नका. इस्टेटीच्या विलला गोव्यात आपला वेगळा कायदा आहे, १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आणि आता २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात बसवलेला. त्यात अर्धा वाटा मुलाबाळांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव, तो विलने दुसऱ्याला देता येत नाही. ते विल आपल्याकडे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत विशेष नोटरीपुढे करतात. लिव्हिंग विलला साधा नोटरी चालतो. माझ्याकडे महिन्यातून एक तरी माणूस दोन्हींची गल्लत करून येतो.

आता दबावाबद्दल. साक्षीदार त्रयस्थ घ्या ते याचसाठी. नोटरीने माणसाशी बोलून खात्री करायची असते की हे राजीखुशीने आहे. मी तर अशा वेळी मुलांना बाहेर बसवतो आणि वृद्ध माणसाशी एकट्याने बोलतो. त्यांना समजेल त्या भाषेत, बहुधा कोंकणीतच. आणि नेमलेला माणूस वारसच असला पाहिजे असं नाही. जिच्यावर भरवसा आहे ती भाची असेल, जुनी मैत्रीण असेल, तिचं नाव घाला. दोघांना सारखा अधिकार देण्याआधी मात्र विचार करा, दोघांची तोंडं दोन दिशांना झाली की काम अडतं. एक मुख्य आणि तो नसेल तर दुसरा, असं लिहिणं सोयीचं.

कागद केला नाही म्हणून सगळं बंद होतं असंही नाही. लिव्हिंग विल नसलेल्या रुग्णासाठीही जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच दोन मंडळांची वाट आहे. फक्त तेव्हा माणसाला काय हवं होतं ते आपल्याला ओळखावं लागतं. तळीकाठ यांच्या घरी तेच झालं.

देवळाची पाणंद | १८ जुलै, सकाळी ६.३०

आमच्याकडे ओळखण्याची वेळ आली तेव्हा आम्ही देवाला विचारलं.

मामा मेंदूत रक्तस्राव होऊन पडले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तरी हालचाल आणि बोलणं परत येईल असं वाटत नाही, तुम्ही ठरवा. घरात दोन तट. शेवटी थोरले मामा पहाटे उठून कुळाच्या देवळात प्रसाद घ्यायला गेले. भटजींनी मूर्तीला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी मागे खांबाला टेकून उभी होते. तासभर एकही पाकळी पडली नाही. देवळात फक्त समईची वात आणि पावसाचा आवाज. मग उजवी पडली. ऑपरेशन करायचं नाही असा कौल. मामा तिथेच बसून रडले.

कुणी याला अंधश्रद्धा म्हणेल. पण त्या पाकळीमुळे आमच्या घरात आजही कुणी कुणाला दोष देत नाही.

गणितवाली | १८ जुलै, सकाळी ९.००

देवळाची पाणंद, तुमच्या भावनेचा आदर आहे. मला मात्र उलटं वाटतं. मामांना काय हवं होतं हे मामांनाच आधी विचारायला हवं होतं, सहा महिने आधी, जेवताना, कधीही. आपण देवाला विचारतो आणि ज्याचं शरीर त्याला विचारत नाही.

देवळाची पाणंद | १८ जुलै, सकाळी ९.४०

खरं आहे. पण तेव्हा विचारलं असतं तर मामांनीच "देव सांगेल तसं" म्हटलं असतं, हेही तितकंच खरं. त्यांच्या कागदावर तेच लिहावं लागलं असतं.

रात्रपाळी | १८ जुलै, सकाळी ११.१५

आणि ते लिहिलेलंही चालतं. 'अवघड वेळ आली तर माझ्या थोरल्या भावाने देवाला विचारून ठरवावं' हे वाचून मला त्या माणसाबद्दल खूप काही कळेल.

हळदोणेंची माहेरवाशीण | १८ जुलै, दुपारी ३.२०

धर्माचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या शेजारच्या तियाने, म्हणजे ख्रिस्ती मावशीने, दोन वर्षांपूर्वी हा कागद केला. ती रोज चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, जाणारी. मी विचारलं, तुमच्या चर्चला चालतं? तिने मला पाद्रीने समजावलेलं सांगितलं. १९५७ साली पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं की असामान्य उपाय करत राहणं बंधनकारक नाही. जीव घेणं वेगळं आणि मरणाला वाट देणं वेगळं.

आपल्याकडे तर विनोबा आहेतच. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला गेले. माझे आजोबा ती बातमी रेडिओवर ऐकून दिवसभर गप्प होते असं आई सांगते.

म्हापशेकर १९६१ | १८ जुलै, संध्याकाळी ५.००

विनोबांचा दाखला इथे देताना जपून. ते स्वतः शुद्धीवर होते, स्वतः ठरवत होते. आपण बोलतोय ते बोलू न शकणाऱ्या माणसाबद्दल. दोन्ही एकत्र आणलं की लोक याला आत्महत्या म्हणायला लागतात, मग भाऊलोक अडून बसतात.

हळदोणेंची माहेरवाशीण | १८ जुलै, संध्याकाळी ५.२५

मान्य. फरक मोठा आहे.

अबोलीचा वळेसर | १९ जुलै, सकाळी १०.१०

उपचार थांबवले की माणसाला टाकून दिलं असं कुणी समजू नये म्हणून लिहिते.

माझी मावशी लोटलीला शांती आवेदना सदनात होती. कॅन्सरचे शेवटच्या टप्प्यातले रुग्ण तिथे ठेवतात. सलाइनच्या बाटल्यांचं जंगल नाही, मॉनिटरची टीकटीक नाही. पण दुखण्याकडे इतकं लक्ष की मावशी तीन महिन्यांत पहिल्यांदा कुशीवर झोपली. औषध, अंग पुसणं, पाठीला तेल, तोंडाची स्वच्छता, सगळं चालू होतं. थांबलं होतं ते फक्त तिला टोचत राहणं.

तळीकाठ, आईच्या कागदात 'हे नको' लिहाल तेवढंच 'हे हवं' पण लिहा. दुखणं कमी करायचं औषध हवंच, त्याने गुंगी आली तरी चालेल, हे स्पष्ट लिहा. मॉर्फिनच्या नावाने घरातलीच माणसं घाबरतात. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात बदल करून रुग्णालयांना ते ठेवणं सोपं केलं, पण लोकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही.

रात्रपाळी | १९ जुलै, दुपारी १.००

वळेसर, शंभर वेळा अनुमोदन.

आणि ज्यांच्या घरात डिमेन्शिया आहे त्यांच्यासाठी एक. आजार फार पुढे गेल्यावर माणूस गिळणं सोडतो, तेव्हा नाकातून नळी घालून भरवायचं का हा प्रश्न येतो. मुलांना वाटतं आईला उपाशी मारतोय. आजाराच्या त्या टप्प्यावर नळीने भरवल्यामुळे आयुष्य वाढतं असं दिसून आलेलं नाही. चमच्याने, जेवढं घेईल तेवढं, हेच बरं. डिमेन्शियाचं निदान झालं असेल तर कागद लवकर करा, समजून सही करण्याची कुवत आहे तोवरच तो करता येतो.

सोलकढी | १९ जुलै, दुपारी १.३०

भावाचं काय? तळीकाठचा तो प्रश्न राहिलाच. माझं मत, फोनवर पटवायला जाऊ नका. चवथीला, गणपतीला, येईल ना घरी? तेव्हा आईलाच बोलू द्या. दूर असलेल्या मुलाला 'नको' म्हणणं जड जातं, कारण तो तिथे नव्हता याची टोचणी असते.

माडापोफळी | १९ जुलै, रात्री ८.००

सोलकढीशी सहमत. आणि भावाला आमच्या बाबांची गोष्टही सांगा. त्याला कळू दे की या कागदाने बरं होणारा माणूस सोडून देत नाहीत. मलाही ते इथेच कळलं.

तळीकाठ | ६ सप्टेंबर, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिना गप्प होते कारण काहीतरी करूनच लिहायचं ठरवलं होतं.

दादा चवथीच्या तीन दिवस आधी आला. सोलकढी, तुझंच ऐकलं, मी काही बोलले नाही. आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, बांधून झाली, दादा शिडीवरून उतरला, आई पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत होती. तिनेच त्याला समोर बसवलं. म्हणाली, बाबांचे हात बांधले होते ते तू पाहिलं नाहीस, मी रोज पाहिलं. माझे बांधायचे नाहीत. दादा म्हणाला, आई, आम्ही तुला असं सोडणार नाही. ती म्हणाली, सोडा कुठे म्हणते, जवळ बसा म्हणते.

तो उठून बाहेर गेला. तासाभराने आला आणि मला म्हणाला, तो कागद दाखव. बाबांचा. त्याने आजवर फोनवर फोटोच पाहिला होता. बल्बखाली धरून किती तरी वेळ बघत बसला. मग म्हणाला, मला 'घरी' दिसतं कारण मला ते घरी यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी पूजा, जेवणं. विषय कुणी काढला नाही. विसर्जनानंतर आम्ही तिघं बसलो आणि आईने सांगितलं, मी लिहून घेतलं. कोर्टाची पायरी आणि रात्रपाळी यांनी सांगितलेलं सगळं त्यात बसवलं. मुदतीचा प्रयत्न आहे, सात दिवस. बरा होणारा आजार असेल तर सगळं करा, हे पहिल्याच ओळीत आहे, माडापोफळी, ती ओळ दादाने घालायला लावली. नळीने भरवायचं नाही. दुखणं कमी करायचं औषध द्यायचं, गुंगी आली तरी. हात बांधायचे नाहीत. आणि एक तिचं खास: 'तोंड ओलं ठेवा.' बाबांचे ओठ शेवटी कोरडे पडून तडकले होते. ते तिने आम्हाला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

नेमलेली मुख्य व्यक्ती मी. मी नसले तर मामेबहीण, ती नर्स आहे. दादाने स्वतःच सांगितलं की माझं नाव नको, मला फोनवर 'थांबवा' म्हणता येणार नाही. पण त्याने कागद वाचला आणि शेवटी 'मी हे वाचलं आहे' लिहून सही केली. कायद्याला ती लागत नाही, आम्हाला हवी होती.

साक्षीदार शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आणि आईची भजनातली मैत्रीण. नोटरीने आम्हाला बाहेर पाठवून आईशी दहा मिनिटं बोलणं केलं. पंचायतीत मात्र कारकुनाला हा काय प्रकार ते कळेना. आधी म्हणाला, इस्टेटीचं असेल तर सब-रजिस्ट्रारकडे न्या. मी २०२३च्या आदेशाची प्रत सोबत नेली होती. सचिवांनी बसून वाचली, आवक क्रमांक घालून पोच दिली. कुणी जाणार असेल तर आदेशाची प्रत न्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. एक प्रत घरच्या डॉक्टरांना दिली, एक मामेबहिणीकडे.

गणितवाली | ६ सप्टेंबर, रात्री ११.१०

'जवळ बसा म्हणते.' आईंना नमस्कार सांगा.

म्हापशेकर १९६१ | ७ सप्टेंबर, सकाळी ८.३०

फार छान केलंत. एक विचारतो, मूळ कागद कुठे ठेवलात? रात्री अपरात्री १०८ बोलवावी लागली तर सापडला पाहिजे. आमच्याकडे सगळं बँकेच्या लॉकरात, त्याचा उपयोग काय?

तळीकाठ | ७ सप्टेंबर, सकाळी ९.१५

तिच्या औषधांच्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. डबा फ्रिजवर असतो. फोटो आम्हा तिघांच्या फोनमध्ये आहे. रुग्णालयात नेताना डबा उचलायचाच असतो, म्हणून ती जागा आईनेच ठरवली.

सोलकढी | ७ सप्टेंबर, दुपारी १२.००

आज आजीचा कागद लिहायला बसतेय. पंख्याचं पहिल्या ओळीत घालणार आहे, ती त्यावर ठाम आहे. तळीकाठ, तुमच्या आईच्या कागदातली तोंड ओलं ठेवण्याची ओळ घेऊ का?

तळीकाठ | ७ सप्टेंबर, दुपारी १२.२०

घे. आईला विचारलं, म्हणाली नुसतं पाणी नको म्हणावं, कापसाला थोडं नारळाचं तेलही लावा.